चौथा खांदा

कुंभकोणमच्या मराठी मंडळींत मेलेल्याला घाटावर नेण्याचं काम म्हाताऱ्यांकडे होतं. कारण सोपं होतं. बायको गरोदर असेल त्यानं तिरडीला खांदा द्यायचा नाही, ही रीत. आणि तरुणांच्या बायका कायम गरोदर असत. एकाची तर सलग सहा वर्षं होती. मूल कुणी पाहिलं नव्हतं, पण विचारणार कोण? फुकट खांदा देणाऱ्या अंत्यसेवा सभेचा नियमच होता की कुणाच्या घरातल्या गोष्टीची चौकशी करू नये. नियम लिहिला होता चिटणीस सुंदररावांनी, आणि त्यांना त्याचा अभिमानही होता.

त्या उन्हाळ्यात सभेत चौघे उरले: सुंदरराव, चंद्रमौली, सेतुराम आणि तुकोजी. मग चंद्रमौली गेले, आणि चौघांतला एक वर असला की खाली तिघेच राहतात हे सभेच्या ध्यानात आलं. चौथं टोक सुंदरराव आणि सेतुरामांनी आळीपाळीनं, मागंपुढं धावत सांभाळलं.

त्याच महिन्यात सुंदररावांच्या पत्नी पंकजाबाईंनी अंथरूण धरलं.

"मला कोण उचलणार हो?" त्यांनी विचारलं.

"सभा आहे की."

"तुम्ही तर अग्नी धरून पुढं चालणार. मूलबाळ नाही, दुसरं कोण धरेल? राहिले तुकोजी नि सेतुराम. दोघांना सांगा, वाशाला बांधून न्या म्हणावं, शिकार नेतात तशी."

सुंदरराव हसले नाहीत. चार खांदे आणतो, म्हणाले.

मग ते दारोदार फिरले. सगळीकडे गरोदरपण होतं. तिरुचिरापल्लीला रेल्वेत असलेल्या भाच्याला पत्र घातलं. त्याचं लग्न व्हायचं होतं, तरी बायकोला सातवा महिना असल्याचं त्यानं उलट टपाली कळवलं. शेजारचे वैद्यनाथ अय्यर रोज पंकजाबाईंसाठी पेज पाठवत, पण आपल्या जातीबाहेरच्या तिरडीला हात लावला तर घरचे त्यांनाच घरात घेणार नव्हते. हे सांगताना ते रडले.

गुरुवारी सेतुराम आले. वय अडुसष्ट. चंद्रमौलींना नेल्यापासून त्यांचा उजवा हात तोंडापर्यंत जात नव्हता. खांबाकडे बघतच ते म्हणाले,

"सुंदरराव, नागलक्ष्मी गरोदर आहे."

नागलक्ष्मीबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. सुंदररावांनी डोळे मिटले. नियम त्यांचाच होता.

"जपा त्यांना," ते म्हणाले.

पंकजाबाई शनिवारी सकाळी गेल्या. तुकोजी ओल्या धोतरानं आले, चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी एकट्यानं बांबू बांधले. नंतर दोघं वाट बघत बसले. ऊन अंगणात आलं तरी कुणी आलं नाही. शेवटी तुकोजींनी अग्नीचं मडकं सुंदररावांच्या हातात दिलं.

"एकट्यानं कसं जमेल, तुकोजी?"

"अग्नी घेतलेल्यानं मागं बघायचं नाही. तुम्ही चला. सभेचं काम आहे, माझ्यावर सोडा."

सुंदरराव निघाले. मागून बांबू रस्त्यावर खरवडत येत होते. मधे आवाज थांबे, धाप ऐकू येई, पुन्हा खरवडणं सुरू होई. देवळाच्या वळणापाशी आवाज थांबला तो थांबलाच.

"तुकोजी?"

आता धापही ऐकू येत नव्हती. सुंदरराव नदीकडे तोंड करून उभे राहिले. दोन्ही बाजूंच्या दारांत लोक हात जोडून त्यांच्या मागं कुठंतरी बघत होते, आणि त्या तोंडांवरून काही कळतंय का, हे सुंदरराव बघत राहिले.