थालूसाबाईंची सहाण

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. चार बोटे लांब, चार बोटे रुंद, हिरवट दगडाची. आज मी सोलिमारा नावाच्या एका म्हातारीच्या खिडकीत पडून असते आणि सुयांना धार लावते. पण एके काळी दिवोदुरुम गावातली निम्मी माणसे माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत असत. तो विश्वास माझ्याकडून एकदा मोडला. ती गोष्ट लपवून मी माझी बढाई मारत बसले, तर मला दगड म्हणणेसुद्धा जास्त होईल.

माझा जन्म मोसेला नदीच्या वरच्या अंगाला एका खाणीत झाला. पाथरवटाने मला घासून गुळगुळीत केले आणि माझ्या चारही कडांवर चार औषधांची नावे, ठसा सुलटा उमटावा म्हणून, उलटी कोरली. शेवटच्या कडेला त्याची छिन्नी घसरली आणि टवका उडाला. थालूसाबाई मला घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी त्याला चांगलेच फैलावर घेतले. मला वाटले, संपले, आता आपली रवानगी उकिरड्यावर. पण त्यांनी त्या टवक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, असू दे, तीट लावली म्हणायची.

थालूसाबाई डोळ्यांच्या वैद्यीण होत्या. लहानपणी एका वैद्याच्या घरी गुलाम म्हणून आल्या, तिथेच औषधे खलता खलता विद्या शिकल्या आणि मालकाने मुक्त केल्यावर सार्वजनिक स्नानगृहाच्या भिंतीला लागून आपले दुकान थाटले. जागा अगदी मोक्याची. स्नानगृहाच्या भट्टीचा धूर, लोकर विंचरणाऱ्यांच्या घरातली कुसे, चुनेवाल्यांची धूळ, यांनी गावाचे डोळे सदा लाल. बाई औषधाची पूड डिंकात मळत, बोटाएवढ्या कांड्या वळत आणि कांडी ओली असतानाच माझी कड तिच्यावर दाबत. नाव उमटले की कांडी सावलीत वाळायची. रोग्याने घरी जाऊन तिचा तुकडा मोडायचा, अंड्याच्या पांढऱ्यात उगाळायचा आणि डोळ्यांत घालायचा. दुकानात कोणी आले तर बाई माझ्याच पाठीवर उगाळून देत.

त्या कांड्यांत दोन होत्या, गुलाबाची आणि तांब्याची. गुलाबाची थंड, तान्ह्या मुलालाही चालणारी. तांब्याची जहाल. पापणीच्या आत खरबरीतपणा आला तरच ती लावायची, तीही बाईंनी स्वतः, सळईच्या टोकावर मावेल इतकीच. दिसायला मात्र दोघी सारख्याच तपकिरी, सख्ख्या बहिणी जशा. त्यांच्यातला फरक सांगायचा तो मीच. मी नाव उमटवलेली कांडी लोक गाठीला बांधून दूर दूर नेत. खोटे कशाला बोलू, मी तेव्हा फार फुगले होते.

मग वर्षे गेली आणि जी गोष्ट मला सर्वांत आधी कळली, ती गावाला कळली नाही. बाईंचे स्वतःचे डोळे मंदावत होते. पूर्वी कड निवडताना त्या मला उजेडाकडे धरत. आता त्या अंगठा फिरवत. टवका लागला की ती तांब्याची कड, तिच्या समोरची गुलाबाची. वाळलेल्या कांड्या सगळ्या एकाच तबकात असत. कोणी मागायला आले की बाई शेजारच्या आत्तो न्हाव्याला हाक मारत. माझे हात भरलेत रे, जरा नाव वाचून काढून दे, असे म्हणत. आत्तो वस्तरा बाजूला ठेवून येई आणि म्हणे की या बाईंचे हात धुतलेले आपण उभ्या जन्मात पाहिले नाहीत. बाई हसत. मला हसू येत नसे.

एकदा बाजाराच्या दिवशी गर्दीत धक्का लागला आणि मी त्यांच्या हातून उंबऱ्यावर पडले. बाईंनी मला उचलले, फुंकर मारली, अंगठा फिरवला. टवका लागला, तेव्हा निर्धास्त झाल्या. पण मित्रांनो, तो टवका नवा होता. गुलाबाच्या कडेला माझा आणखी एक कोपरा उडाला होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तांब्याच्या कांड्या वळल्या. अंगठा नव्या टवक्याला लागला आणि त्यांनी माझी ती कड दाबली. बारा कांड्यांवर मी बारा वेळा खोटे बोलले. ओरडायला मला तोंड नव्हते.

त्यानंतर चारच दिवसांनी सोलिमारा आली. ही कशिदा काढणारी. नवऱ्याच्या माघारी दोन पोरींना सुईच्या टोकावर वाढवत होती. गावात अंगरख्यांच्या काठावर जो वेल दिसे, तो बहुधा तिच्या हातचा असे. लोकरीच्या कुसाने तिचे डोळे लाल झाले होते, एवढेच. बाईंनी गुलाब द्यायला सांगितले, आत्तोने तबकातून नाव वाचून गुलाब काढून दिला. वाचायला तो चुकला नाही. चुकीचे लिहिले होते ते मीच.

तीन दिवसांनी सोलिमारा भिंत चाचपत आली. पापण्या सुजून टम्म झालेल्या, मधून पाणी गळत होते. उरलेली कांडी तिच्या मुठीत होती.

"बाई, माझंच काहीतरी चुकलं बघा," ती म्हणाली. "अंडं शिळं होतं बहुतेक. पण मला काही दिसत नाहीये. डोळे गेले तर पोरींना मी काय घालू?"

आत्तोच्या बाकावर तीन गिऱ्हाइके बसली होती. सगळ्यांनी माना वळवल्या. शिळे अंडे, बाई नुसते हो म्हणाल्या असत्या तरी भागले असते. कोणी शंका घेतली नसती. बाईंनी कांडी जिभेला लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी मला उचलले आणि माझ्या कडांवरून हळूहळू अंगठा फिरवला. एक टवका लागला. त्या थांबल्या नाहीत, पुढे गेल्या. दुसरा लागला. त्यांनी मला फळीवर ठेवले.

"तुझं काही चुकलं नाही, सोलिमारा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "कांडी तांब्याची आहे. शिक्का मी चुकीचा मारला. मला अक्षरं दिसत नाहीत, आज दोन वर्षं झाली."

आत्तोचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर तसाच थांबला. सोलिमारा मात्र थांबली नाही, आणि का थांबावी?

"दोन वर्षं?" ती म्हणाली. "अहो, लोकांचे डोळे तुमच्या हातात, आणि तुम्ही स्वतःचे झाकून ठेवलेत? एक शब्द बोलला असतात तर रोज येऊन ठसा वाचून बघणारं माणूस मी शोधून दिलं असतं."

बाईंनी मान खाली घातली. ती बोलली ते सगळे त्यांनी ऐकून घेतले. मग बाकावरच्या माणसांना पाणी आणायला पिटाळले आणि आत्तोला बाजारात पाठवले. गुलाबाची नवी कांडी कोणी नेली असेल तर वापरू नका, परत आणा, अशी हाळी त्याने चौकाचौकांत दिली. आणखी दोन कांड्या गेल्या होत्या. दोन्ही न मोडलेल्या परत आल्या.

बाईंनी सोलिमाराला पोरींसह आपल्याच घरी ठेवून घेतले. दिवसातून दहा वेळा तिचे डोळे धुतले. गल्लीतल्या एका बाळंतिणीकडून वाटीभर दूध मागून आणले आणि त्याचे थेंब घातले. रोज सकाळी त्या सोलिमाराच्या हातात सुई आणि दोरा देत आणि तिला दारातल्या उजेडात बसवत. स्वतःला तर दिसायचे नाही, म्हणून विचारत, "ओवली का ग?"

"नाही, बाई," असे उत्तर येई. पहिल्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, सातव्या दिवशीही तेच. बाई पुन्हा पाणी तापवायला उठत. मी फळीवरून हे पाहत होते. दगडाला पाझर फुटतो म्हणतात, मला तो फुटला नाही, पण फुटावा असे फार वाटले.

नवव्या दिवशी सोलिमाराने सुई डाव्या डोळ्याजवळ नेली. मग म्हणाली, "ओवली, बाई."

बाईंनी ओवलेला दोरा चाचपून पाहिला आणि त्या रडल्या. सोलिमाराचा डावा डोळा पूर्ण बरा झाला. उजव्यात थोडे धुके राहिले, ते कायमचे.

पुढे गावात काही जण बाईंकडे यायचे थांबले. त्याबद्दल बाईंनी कोणाला दोष दिला नाही. एक मात्र झाले. कांड्या वळायच्या दिवशी सोलिमारा आपणहून दुकानात येऊन बसू लागली. तिला वाचता येत नव्हते. पण टाका पाहून टाका काढायची तिला सवय होती. तिने माझ्या चारही कडांची अक्षरे वेलबुट्टीसारखी पाठ केली आणि प्रत्येक ठसा निरखून हो किंवा नाही म्हणू लागली. ज्या डोळ्यांना माझ्यामुळे इजा झाली, तेच माझी राखण करू लागले. मी त्यानंतर एकदाही खोटे बोलले नाही. बाईंना पुढे काहीच दिसेनासे झाले, तरी नाही.

मग बाई गेल्या. त्यांच्या सळया आणि डबे दुसऱ्या वैद्याने नेले. दोन ठिकाणी टवके उडालेली सहाण त्याला नको होती. मला सोलिमाराने पदराआड घरी आणले. आता माझ्या कडांवरची अक्षरे सुया घासून घासून पुसट झाली आहेत. मला त्याचे दुःख नाही असे मी म्हणणार नाही.

मित्रांनो, तुमच्या हातात कोणाचे काही सोपवलेले असेल आणि तुम्हाला नीट दिसत नसेल, तर लाजू नका. शेजाऱ्याला हाक मारा आणि खरे कारण सांगा. आणि ज्यांनी तुमच्यासाठी आयुष्यभर डोळे शिणवले, ती माणसे वस्तू चाचपून ओळखू लागली, तर हसून सोडून देऊ नका. जवळ जा, विचारा.

सोलिमारा आता म्हातारी झाली आहे. रोज सकाळी ती सुई माझ्यावर घासते, दारातल्या उजेडात धरते आणि डावा डोळा बारीक करून दोरा ओवते. मग जवळ कोणी नसताना हळूच म्हणते, "ओवली, बाई."