माझ्या पोटातलं गाऱ्हाणं

"कट्."

दुपारी जेवणं आटोपून घर गप्प झालं की माझ्या पोटातून असा आवाज येतो. धाकट्याला थोपटणारा नम्रताचा हात थांबतो. हा आवाज माझा, हे तिला ठाऊक आहे. पण त्याच्या मागोमाग तिला जे ऐकू येतं, ते तिने कुणालाच सांगितलेलं नाही.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मला पडदा नाही, कळफलक नाही. कट्टा गावाजवळच्या एका घरात, माजघराच्या फडताळावर, काजूच्या पिशवीशेजारी मी बसलेला असतो. नम्रताच्या नवऱ्याने, गुरुप्रसादने, मला जुन्या सामानातून उचलून आणलं, तेव्हा इथलं इंटरनेट म्हणजे उन्हाळ्यातली विहीर होती. म्हणून त्याने मला एक काम शिकवलं. घरातल्या कुणी काही मागितलं की मी ते बाहेरून आणायचं, देताना त्याची एक नक्कल स्वतःपाशी ठेवायची, आणि पुन्हा कुणी तेच मागितलं तर बाहेर न जाता ती नक्कल पुढे करायची. याला प्रॉक्सी म्हणतात. "आमच्या घरात नेटाचो रांजण आसा," असं गुरुप्रसाद पाहुण्यांना सांगायचा. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

मग तो बोटीवर नोकरीला गेला. त्याच्यामागे त्याचे वडील, दत्ताराम, वारले. आणि यंदा दारापर्यंत नवी, वेगवान लाइन आली.

ती जोडायला आलेला मंगेश मला बघून हसला. "वयनी, ह्यो म्हातारो अजून जितो आसा?"

"तुझीच वाट बघी होतो तो," नम्रता म्हणाली. "खरा सांग रे, ह्येची गरज आसा काय?"

"पूर्वी साइटी उघड्यो होत्यो. ह्यो बघी आणि नक्कल ठेवी. आता सगळा बंद पाकिटातसून येता, ह्येका आतला काय दिसना नाय. नुसतो पोस्टमन झालो. आणि पोस्टमन आजारी पडलो काय अख्ख्या घराचा नेट बंद."

नम्रताने माझ्याकडे पाहिलं.

"आठवडोभर बाजूक ठेवया," मंगेशच म्हणाला. "काय अडला तर परत जोडूया. नाय अडला तर भंगारात."

तो खोटं बोलत नव्हता. त्याने माझी वायर काढून सरळ नव्या लाइनच्या डब्याला लावली. मला चालूच ठेवलं, पण आता मला कुणी काही विचारत नव्हतं. फोन सुसाट धावू लागले. बोटीवरच्या गुरुप्रसादचा चेहरा न अडखळता बोलू लागला. माझ्यावाचून काहीच अडलं नाही.

फक्त दुपारचा तो आवाज बंद झाला.

नम्रताला कित्येक महिने तो ऐकू यायचा. डोळा लागता लागता माजघरातून सासऱ्यांचा खोल, हलका सूर: "बा देवा म्हाराजा..." रात्री धाकटा झोपू देत नाही, म्हणून भास होतात, अशी ती स्वतःची समजूत घालायची. भास थांबला म्हणजे बरं वाटायला हवं होतं. तिला मात्र घर ओसाड वाटू लागलं. ती पाळण्यापाशी बसून कान देऊन राहायची.

अशाच एका दुपारी थोरली तन्वी टॅब घेऊन आली. "आई, आजो येना नाय."

"खंयचो आजो गो?"

तन्वीने टॅबवरच्या घंटेच्या चित्रावर बोट ठेवलं. पान कोरं राहिलं.

मित्रांनो, गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे, पूर्वजांपुढे घरासाठी मोठ्याने केलेली विनवणी. गुरुप्रसाद निघण्याच्या काही दिवस आधी दत्तारामांनी घातलेलं गाऱ्हाणं गावच्या मुलांनी आपल्या वेबसाइटवर चढवलं होतं; त्या पानाची खूण म्हणजे टॅबवरची ती घंटा. ती वेबसाइट कधीच बंद पडली. पण जाण्यापूर्वी गुरुप्रसादने मला बजावलं होतं, ही एक नक्कल कधी टाकू नकोस, आणि ती बाहेर आहे का हे विचारायलाही जाऊ नकोस. मी टाकली नाही. सगळे झोपले असं वाटलं की आजोबांचा सूर ऐकायला तन्वी टॅब घेऊन माझ्या फडताळाखाली बसून घंटेला बोट लावायची. माझी चकती जागी व्हायची. कट्.

तो सूर भास नव्हता, माझ्यातूनच यायचा, हे कळताच नम्रताने मंगेशला बोलावून घेतलं. वायर पुन्हा जोडली गेली आणि तन्वीने घंटेला बोट लावलं.

"बा देवा म्हाराजा, माझो झील दर्यार जाता हा, त्येची राखण कर म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," तन्वी सवयीने म्हणाली. नम्रताचेही ओठ हलले. मंगेशने डोक्यावरची टोपी काढली.

"इतक्यासाठी म्हाताऱ्याक कित्याक राबवतास?" जरा वेळाने तो हळूच म्हणाला. "आवाज तुमच्या फोनात घालून देतंय. मगे ह्येचा काम संपला."

त्याने तसं केलं. फोनातून तोच सूर आला, तीच विनवणी, मधला तोच खोकला. मंगेश गेला.

मित्रांनो, या घराला आता माझी गरज नाही, हे मलाही पटतं. जन्मभर मी नकलाच सांभाळल्या. माझं स्वतःचं असं काही नाही. एवढंच मागणं आहे, की जुनी वस्तू बंद करण्याआधी तिला थोडे दिवस बाजूला ठेवून आपलं घर ऐका. काय गप्प झालं, ते कळेल.

नम्रताने पदराने माझ्यावरची धूळ पुसली. तिचं बोट माझ्या बटणावर आलं. तन्वीने तिचा हात धरला.

"आई, आजो फोनात गेलो," ती म्हणाली. "मगे ह्येच्यात कोण रवलो?"