निरगाठ बसलेला रुमाल

मित्रांनो, मला रुमाल म्हणतात, पण मी खिशात ठेवायचा रुमाल नव्हे. मी पोथी बांधायचा रुमाल आहे. जुना आहे, लाल आहे, आणि माझ्या एका कोपऱ्याला तेलाचा डाग आहे. तो डाग कालिंदीच्या बोटांचा आहे. कालिंदी आता नाही.

माझा जन्म परळच्या एका गिरणीत झाला. त्या गिरणीच्या जागी आज काचेची उंच इमारत आहे. राजाराम त्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करीत. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांचे नवीनच लग्न झाले होते. थानातला उरलेला तुकडा म्हणून त्यांनी मला घरी आणले आणि कालिंदीपुढे टाकले.

"उशीचा अभ्रा होईल बघ," ते म्हणाले.

"लाल अभ्रा? झोप येईल का त्याच्यावर?" ती हसली. "हा माझ्या पोथीला होईल."

ती पोथी तिने माहेराहून आणली होती. सुट्या, आडव्या पानांची, खाली-वर दोन फळ्या लावलेली. एका व्रताची कथा होती तिच्यात. कालिंदीने माझे काठ हाताने शिवले, मला पोथीभोवती गुंडाळले आणि वर सुरगाठ मारली. सुरगाठ म्हणजे एक टोक ओढले की सुटणारी गाठ. मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा. कालिंदीने मला जन्मात कधी घट्ट बांधले नाही.

श्रावण लागला की रोज दुपारी ती मला सोडायची. चौरंगावर मला पसरायची, माझ्यावर पोथी ठेवायची आणि वाचायला लागायची. चाळीतल्या बायका यायच्या. कोणी भाजी निवडायची, कोणी तांदूळ. मोराचे एक पीस होते, ते खुणेला. वाचता वाचता कालिंदी थांबायची आणि म्हणायची, "हे झालं लिहिलेलं. आता घडलं कसं ते सांगते." मग ती आपल्या शब्दांत सांगायची. भाजी निवडणारे हात थांबायचे.

एकदा एका कोकणातल्या बाईने तिला विचारले, "काय गो कालिंदीवैनी, तुझी देवी एवढ्यातेवढ्यावरून रागावता कशी?"

"लिहिणारा रागावलेला असला की देवी रागावते," कालिंदी म्हणाली. "थांब जरा. पुढे ऐक."

ती नेहमी पुढे ऐकायला लावायची. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते.

पुढे गिरणी बंद पडली. एकेक घर विरारला, बदलापूरला गेले. चौरंगाभोवतीची माणसे कमी होत गेली. शेवटी शेवटी कालिंदी वाचायची आणि समोर एकटी सून बसायची. वैशाली तिचे नाव. मुलगा अवधूत कामावर असायचा. तात्या वाचन सुरू होईपर्यंत बसायचे आणि हळूच खाली नाक्यावर चहाला जायचे. इतक्या वर्षांत त्यांनी ती कथा शेवटपर्यंत एकदाही ऐकली नव्हती. कालिंदी म्हणायची, "कुठे पळतात? ऐकतील कधीतरी."

आता ती कथा सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. एका घरात देवीची कथा चाललेली असते. धाकटी सून ऐकता ऐकता मध्येच उठून आत जाते. देवीचा कोप होतो. गोठा रिकामा होतो. विहीर आटते. परगावी गेलेला नवरा परत येत नाही. गाव त्या सुनेला वेशीबाहेर काढते. कथेचा हा अर्धा भाग. उरलेला अर्धा मी आत्ता सांगणार नाही. तोही माझ्याच आत होता आणि कोणी विचारत नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तात्यांची थोरली बहीण राधाआत्या, म्हणजे त्यांची अक्का, कल्याणहून राहायला आली होती. त्या दुपारी ती भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. वैशाली चौरंगाजवळ बसली होती. तात्या खाली होते. कालिंदीने पान उलटले. तिचा तळवा माझ्यावर टेकला तेव्हा मला तो गार लागला. घामाने भिजलेला आणि गार. उन्हाळ्यातही तिचा हात असा कधी लागला नव्हता.

ती वाचायची थांबली नाही. फक्त वैशालीकडे थोडी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "पाणी दे गं जरा."

वैशाली उठली.

ती मोरीपर्यंत पोहोचते न पोहोचते तोच कालिंदी माझ्यावर कोसळली. तिची बोटे माझ्या कोपऱ्यात अडकली. राधाआत्याने दचकून डोळे उघडले, आणि ती बोटे सोडवताना तिने उघड्या पानाकडे पाहिले. पान कोणते होते? 'सून उठोनि गेली' हे पान. आणि समोर सून उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन.

आत्याने तिथेच पीस घातले, फळ्या मिटल्या आणि मला आवळून गाठ मारली. वर आणखी एक मारली. ती निरगाठ होती. ओढली की आणखी बसते ती.

तेराव्यानंतर आत्या तात्यांना म्हणाली, "अर्धवट राहिलं वाचन. आता कोणी उघडू नका. जिथे थांबलं तिथेच कोप थांबलाय."

"अहो आत्या, मी पाणी आणायला उठले होते. आईंनीच मागितलं," वैशाली म्हणाली.

"मेलेल्या माणसाच्या नावावर ढकलू नकोस. मी समोर बसले होते. मला नाही ऐकू आलं ते?"

अवधूत आईच्या फोटोकडे बघत राहिला.  तात्या त्या दुपारी खाली होते, कोणाचे खरे धरायचे ते त्यांना कळेना. तेव्हापासून वैशालीनेही तो विषय काढला नाही. मी सगळे ऐकले होते, पण रुमालाला कोण विचारतो?

मला फळीवर ठेवले. मग एकेक घडत गेले. वैशालीला दिवस गेले होते, ते मूल टिकले नाही. अवधूतची कंपनी बंद झाली आणि सहा महिने तो घरी बसला. शेजारच्या जागेवर टॉवरचा पाया ठोकायला लागले. दिवसभर जमिनीखालून धडधड यायची, फळी थरथरायची, आणि एक दिवस छताला तडा गेला. तो तडा बरोबर माझ्या डोक्यावर होता. प्रत्येक वेळी कल्याणहून फोन यायचा, आणि प्रत्येक वेळी घरातले लोक फोन ठेवून एकदा माझ्याकडे बघायचे. पुढे पुढे त्यांनी माझ्याकडे बघणेही सोडले. केर काढताना वैशाली माझ्या फळीखालून मान खाली घालून जायची. मला वाटते, तिलाही ते खरे वाटायला लागले होते.

मित्रांनो, मला बाहेरचे सगळे दिसत होते, पण खरी भीती माझ्या आत होती. निरगाठ बसली त्या पावसाळ्यातच मला आत चालण्याचा आवाज आला. फार बारीक. कागदावरून कोणी नख फिरवावे तसा. पोथीला कागद खाणारी कसर लागली होती. पीस घातलेल्या पानापासून ती पुढे पुढे खात होती. मी पोथीभोवती आवळलेला होतो. मला सैल होता येत नव्हते, ओरडता येत नव्हते. लोक मला हात लावायला घाबरत होते आणि ज्याला घाबरत होते ते आतल्या आत नाहीसे होत होते.

यंदा वैशालीला पुन्हा दिवस गेले. पाचवा महिना लागला तशी राधाआत्या आली. ती ठरवूनच आली होती.

"श्रावणातल्या अमावस्येला पोथी दादरला समुद्रात सोडायची. आणि हिला तशीच गावी पाठवायची, माहेरी. या घरात हिचं मूल टिकणार नाही, राजाराम."

"परत कधी आणायची?" तात्यांनी विचारले.

"ते नंतर बघू."

मित्रांनो, 'नंतर बघू' म्हणजे काय ते मला ठाऊक होते. कथेतल्या सुनेलाही वेशीबाहेर काढताना गाव तेच म्हणाले होते.

"कथेच्या शेवटी देवी माफ करते ना पण?" अवधूतने भीतभीत विचारले.

"करते. ज्याने शेवटपर्यंत ऐकली त्याला. हिने कुठे ऐकली? उठली ना!"

अमावस्येच्या सकाळी मला फळीवरून काढून चौरंगावर ठेवले. दाराशी वैशालीची बॅग होती. अवधूत टॅक्सी बघायला खाली गेला. तेवढ्यात तात्यांचा गिरणीतला दोस्त कोंडीराम आला. तो पलीकडच्या बुद्धविहाराजवळ राहतो. पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास चालू असल्याने रोज संध्याकाळी तिथे ग्रंथाचे वाचन असते आणि तो पहिल्या रांगेत बसतो.

"काय रे तात्या, बुडवतोस म्हणे पोथी?"

"अक्का म्हणते."

"अक्का म्हणते! साच्यावर होतास तेव्हा मुकादमाचं ऐकलं नाहीस कधी." तो माझ्याकडे वाकला. "काय गाठ मारली आहे! चोर बांधलाय का आत? आमच्याकडे रोज वाचून झालं की भांडणं होतात. हा म्हणतो असा अर्थ, तो म्हणतो तसा. परवा तर एकाने चप्पल घालून निघून जायची तयारी केली. पण पुस्तक उघडं असतं बाबा."

"कोंडीराम, तू यात पडू नकोस," आत्या म्हणाली. "तुमचं वेगळं, आमचं वेगळं."

"नाही पडत, अक्का. पण वहिनींच्या हातची वस्तू आहे. पाण्यात टाकण्याआधी एकदा बघावी, एवढंच."

तात्या माझ्यासमोर बसले. मग त्यांनी माझ्या कोपऱ्यावरच्या डागावर बोट ठेवले.

"तिचा हात लागलेलं शेवटचं पान एकदा बघतो," ते म्हणाले. "मग टाकू."

"राजाराम, उघडू नकोस!"

गाठ बोटांनी सुटेना. त्यांनी ती दातात धरली. मी फाटेन असे मला वाटले, आणि फाटलो असतो तरी चालले असते. गाठ सुटली. पोथीची वरची फळी उचलली आणि भुशासारखा भुगा चौरंगावर पडला. बारीक चंदेरी किडे उजेडाला घाबरून माझ्या शिवणीत शिरले.

पीस होते. पिसाचे पान शाबूत होते. त्यापुढचे पान उचलताच त्याचा तुकडा तात्यांच्या हातात आला. पुढे सगळी भोके होती. अर्धी पोथी चाळणी झाली होती.

"बघ!" आत्याचा आवाज चिरकला. "पुढचं देवीनेच ठेवलं नाही. कोपच ठेवलाय फक्त!"

खाली पाया ठोकण्याची धडधड चालू होती. छतातून थोडे पोपडे पोथीवर पडले.  मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले की सगळे संपले. आता मला समुद्रात टाकतील, आणि शापाएवढीच कथा जगात शिल्लक राहील.

तात्यांनी चष्मा लावला. अडखळत, एकेक अक्षर जुळवत ते मोठ्याने वाचू लागले. सून उठोनि गेली. गोठा रिता झाला. विहीर आटली. सून वेशीबाहेर गेली. मग भोक आले. त्यांनी भोकावर बोट ठेवले आणि मान वर केली.

"पुढे काय होतं?" त्यांनी विचारले. "चाळीस वर्षं वाचत होती ती. मी चहा पीत होतो. कोणाला माहीत आहे का, पुढे काय होतं?"

"मला," दाराशी उभी असलेली वैशाली म्हणाली.

ती आत आली आणि चौरंगापाशी बसली. आपल्या जुन्या जागी.

"आई असं सांगायच्या," ती म्हणाली. "वेशीबाहेर एक आंधळी म्हातारी बसलेली असते. ती सुनेला म्हणते, कथा सांग मला. सून म्हणते, मला अर्धीच येते, मी मध्येच उठले. म्हातारी म्हणते, का उठलीस? सगळ्या गावाने तिला हाकललं, पण का उठलीस ते कोणीच विचारलेलं नसतं."

ती थांबली.

"मग?" राधाआत्या म्हणाली. आपण बोललो हे तिचे तिलाच कळले नसावे.

"सून म्हणते, आत कोणीतरी रडत होतं. बारीक आवाजात. कोणाला ऐकू आलं नाही, मला आलं. म्हणून उठले. आत जाऊन बघितलं तर कोणीच नव्हतं. तेव्हा म्हातारी तिचा हात धरते आणि म्हणते, बाई, आत रडत होते ती मीच. बाहेर माझी कथा ऐकायला सगळे बसले होते. मला बघायला तू एकटी उठलीस."



तात्यांनी चष्मा काढला. दोन वर्षांपूर्वी विचारायचे ते त्यांनी आत्ता विचारले.

"वैशाली, त्या दिवशी तू का उठलीस?"

"आईंनी पाणी मागितलं."

"अक्काला कसं ऐकू आलं नाही?"

"अगदी हळू मागितलं, तात्या. वाचन मोडू नये म्हणून."

तात्यांनी मान हलवली. ती हलतच राहिली. कालिंदी अशीच होती. तिचा स्वभाव त्यांच्याइतका कोणाला माहीत होता?

दारात अवधूत येऊन उभा राहिला. "टॅक्सी आली," तो म्हणाला.

"टॅक्सीला जाऊ दे," तात्या म्हणाले.

राधाआत्या भिंतीला टेकली होती. तिच्या कपाळावर घाम आला होता. कोरड्या तोंडाने ती म्हणाली, "पाणी दे गं जरा."

वैशाली उठायला लागली.

"तू बस," तात्या म्हणाले, आणि स्वतः उठले.

मित्रांनो, पोथी समुद्रात गेली नाही आणि मीही अजून या घरात आहे. बाळ पौषात यायचे आहे. टिकेल का, मला माहीत नाही. छताचा तडा आहे तिथेच आहे, धडधड थांबलेली नाही आणि आत्याने अजून वैशालीची माफी मागितलेली नाही. वैशाली दुपारी कथा सांगते आणि तात्या समोर बसून ऐकतात, चहा गार होईपर्यंत. पण किड्यांतले काही माझ्या शिवणीत राहिले आहेत. रात्र झाली की ते हलतात, मला कळते.

तुमच्याही घरी फळीवर असे काही बांधून ठेवलेले असेल. भीतीने असेल, भक्तीने असेल. माझी एवढीच विनंती आहे. गाठ सोडा. आत काय उरले आहे ते बघा. जे उरले नाही, ते कोणाच्या तोंडात आहे ते विचारा, ती व्यक्ती दाराबाहेर जायच्या आधी विचारा. आणि माझ्यासारख्या फडक्यांना अधूनमधून उन्हात घाला.