करंगळीएवढी जागा

मित्रांनो, मी एक टायर आहे. जुना आहे, पण झिजलेला नाही, आणि हेच माझं दुखणं आहे. नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात, रस्त्यावर चार दिवस पळालं की ते झडतात. माझ्या कडेचे केस अजून जागच्या जागी आहेत. आठ वर्षं मी विस्कॉन्सिनमधल्या एका गॅरेजात भिंतीवरच्या खिळ्याला अडकून आहे, आणि सगळ्या आयुष्यात मी धावलो एकूण एकतीस मैल.

माझा जन्म झाला तोच एका गरम साच्यात, चारी बाजूंनी दाबून. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण लहानपणी कोण एवढा विचार करतो? साच्यातून काढल्यावर माझ्या कुशीवर दीडशेचा आकडा होता. ती माझी रुंदी. मी रुंद आहे याचा मला भारी अभिमान होता. मग दुकानाच्या कोठारात माझ्या डोक्यावर पाच टायर रचले गेले आणि दोन हिवाळे मी काळोखात गुदमरत काढले. एकच आस होती, कुणीतरी न्यावं आणि मोकळ्या रस्त्यावर सोडावं.

मला नेलं व्हर्लिन टॉर्गरसनने. कागदाच्या गिरणीतून नुकताच निवृत्त झालेला, बोलायला कमी आणि गाडी पुसायला हौशी माणूस. त्याची मोटरसायकल लांब, बुटकी, पाय पुढे ताणून आरामात बसायची होती. तिच्या पुस्तकात मागच्या चाकाला एकशेतीसचा टायर सांगितलेला होता, आणि तीस वर्षं तो सुखाने तोच वापरत आला होता. मग त्याचा दोस्त डुआन एकदा चारचौघांत म्हणाला, "व्हर्लिन, हे काय रे? एवढी मोठी गाय आणि मागे कोंबडीचे पाय?" सगळे हसले. व्हर्लिनही हसला. पण ते त्याच्या मनाला लागलं असणार, कारण आठवड्याभरात मी त्याच्या गॅरेजात होतो.

आता खरी गोष्ट सांगतो. व्हर्लिनची बायको मार्डेल शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. लग्नापासून ती त्याच्या मागे बसून हिंडली होती. मी यायच्या पाच वर्षं आधी खडीवर गाडी घसरली, मार्डेलच्या गळ्याजवळचं हाड मोडलं आणि तिने बसणं सोडलं. व्हर्लिनने एकदाही आग्रह केला नाही. त्या वर्षी मात्र तीच आपणहून म्हणाली होती, "मे महिन्यात चर्चमध्ये गाड्यांना आशीर्वाद देतात त्या दिवशी येईन. एकदा बसून बघते. पण पुन्हा काही झालं, तर मला परत कधी विचारू नकोस."

त्या एका दिवसावर त्याचं सगळं टांगलेलं होतं. तिला पाठ टेकता यावी म्हणून त्याने मागच्या सीटला लोखंडी टेकू बसवला. त्याचे बोल्ट जरा लांब निघाले आणि त्यांची टोकं मडगार्डच्या आत आली, तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही. मी मात्र चढवल्या चढवल्या ती टोकं पाहिली.

मला चढवायला शेजारचा कॅझ आला होता. कॅझचे हात काळे आणि डोकं थंड. गाडी घोडीवर उचललेली, चाक हवेत लोंबतंय, आणि मी चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन दांड्यांमध्ये कोंबलेला. डावीकडे गाडी ओढणारा पट्टा, त्याला मी घासू नये म्हणून कॅझने चाक उजवीकडे सरकवलं. मग उजवीकडे मडगार्ड जवळ आलं. कोठारातून सुटलो आणि इथे येऊन अडकलो, मित्रांनो. हलायला जागा नाही.

कॅझने मधल्या फटीत करंगळी घातली. ती कशीबशी गेली.

"हे खरं माप नाही," कॅझ म्हणाला. "गाडी खाली घे. तू बस, मार्डेलला मागे बसव. भार पडला की चाक वर सरकतं. तेव्हा मोजायचं."

"तिला बोलावून काय सांगू? ये बाई, तुझं वजन किती पडतं ते बघायचंय?"

"तेच सांग."

"तू सांग की."

कॅझने जमिनीकडे पाहिलं. "बायको तुझी. मी का सांगू?"

हे दोघे पावसापाण्यावर तासभर बोलतील, पण मार्डेलच्या वजनाचा विषय काढायची एकाचीही छाती नव्हती. शेवटी व्हर्लिन एकटाच बसला, करंगळी पुन्हा कशीबशी गेली, आणि तो म्हणाला, "जाते ना? झालं तर." कॅझने मान हलवली आणि हात पुसले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण टायरला तोंड कुठलं?

संध्याकाळी मार्डेल फ्रीजरमधून मटार घ्यायला गॅरेजात आली. मला बघून थबकली.

"केवढा हा."

"तुझ्यासाठी घातला," व्हर्लिन म्हणाला. "रुंद टायर रस्ता घट्ट धरतो."

डुआनचं नाव त्याने काढलं नाही. ती वाकली आणि तिने माझ्यावर हात ठेवला, शाळेतल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. मला इतकी लाज वाटली, की काय सांगू.

मे महिन्यातल्या त्या रविवारी चर्चच्या अंगणात साठेक गाड्या उभ्या होत्या. पाद्रीबाबांनी प्रत्येक गाडीवर पाणी शिंपडलं, माझ्यावरही चार थेंब उडाले. मग सगळे ओळीने निघाले, नदीकाठच्या रस्त्याने, सत्तर मैलांवरच्या खानावळीत कोंबडी खायला. जेवणाआधी ओळ सोडून बाहेर पडायचं नाही, हा त्यांचा अलिखित नियम. जो बाहेर पडेल त्याची वर्षभर टर उडते. आणि व्हर्लिनच्या बरोबर मागे होता डुआन.

पहिले काही मैल मी सुखात होतो. रस्ता गरम, हवा गार. यासाठीच तर जन्मलो होतो. मग रेल्वेचे रूळ आले. गाडी आदळली, दोघांचा भार माझ्यावर पडला, मी वर दाबला गेलो आणि बोल्टचं टोक माझ्या उजव्या कुशीत घुसलं. मग पुढच्या खड्ड्याला पुन्हा. धावलो की मी तापतो, तापलो की फुगतो, म्हणजे जागा आणखी कमी. ज्या रस्त्याची एवढी आस धरली होती, तोच आता मला कापत होता आणि थांबणं माझ्या हातात नव्हतं.

मार्डेलला ते सगळ्यांत आधी कळलं, कारण ती माझ्या डोक्यावरच बसली होती. गाडीच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्यांची जुनी खूण होती. खांद्यावर एक थाप म्हणजे सगळं ठीक, दोन थापा म्हणजे थांब. तिने दोन थापा दिल्या.

व्हर्लिनची मूठ सैल झाली. गाडीचा वेग कमी झालेला मला स्पष्ट जाणवला. मागून डुआनने भोंगा वाजवला, गंमत म्हणून. आणि व्हर्लिनची मूठ पुन्हा आवळली.

तिने पुन्हा दोन थापा दिल्या. मग थापा बंद झाल्या. तिने आपलं सगळं अंग डावीकडे कलवलं, मला वाचवायला, आणि स्वतःलाही. असे आम्ही बारा मैल गेलो. तो ओळीत अडकलेला, ती त्याच्या मागे अडकलेली, आणि मी दोघांच्या खाली. पुढे एका चौकात ओळ थांबली, तशी मार्डेल उतरली. रस्ता ओलांडून नुकत्याच पेरलेल्या मक्याच्या शेताच्या कडेला जाऊन उभी राहिली.

डुआनने खाली वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "व्हर्लिन, आतले धागे दिसतायत." त्या दिवशी कुणी टर उडवली नाही. गाडी एका ट्रकवर चढवून घरी आणली. मार्डेल दुसऱ्याच कुणाच्या गाडीतून आली.

कॅझ म्हणाला, फेकून दे. व्हर्लिनने मला फेकलं नाही. कापलेली बाजू बाहेर करून या खिळ्याला लटकवलं. इथून मला गाडी दिसत होती, फ्रीजर दिसत होता, आणि रोज येणारीजाणारी मार्डेल दिसत होती. ती गाडीकडे बघायची नाही. तो तिला विचारायचा नाही. सबंध उन्हाळा त्यांचं बोलणं म्हणजे जेवण काय आणि ऊन किती, एवढंच. भिंतीवर लटकणं बरं, असं मला वाटायचं, निदान मला कुणाशी अबोला धरायचा नव्हता.

सप्टेंबरात व्हर्लिनने लांब बोल्ट काढून आखूड घातले आणि एकशेतीसचा टायर आणला. कॅझ मापायला आला. भार हवा होता, म्हणून व्हर्लिनने घरातलं जड पाणी मऊ करायच्या यंत्रात घालतात त्या मिठाच्या चार पिशव्या मागच्या सीटवर दोरीने बांधल्या. एकेक पिशवी चाळीस पौंडांची. तो पुढे बसला, कॅझ जमिनीवर आडवा झाला, आणि नेमकी त्याच वेळी मार्डेल मांस काढायला आली.

तिने पिशव्यांकडे पाहिलं. "ही मी आहे का?"

कॅझने डोकं आणखी गाडीखाली घातलं.

"एकशेसाठ तुला कुणी सांगितलं?"

"अंदाजाने," व्हर्लिन पुटपुटला.

"अंदाज चुकलाय. अर्धी पिशवी कमी पडते." तिने मांसाचं पुडकं परत ठेवलं, दोरी सोडली, पिशव्या एकेक करून खाली उतरवल्या. आणि टेकूला धरून मागे बसली. "वजन हवं होतं ना? मोज. मे महिन्यातच विचारलं असतंस, तर मी तेव्हाही बसले असते."

कॅझने करंगळी घातली. मग अंगठा घातला. "भरपूर जागा आहे," तो खालूनच म्हणाला.

व्हर्लिनने मान वळवली नाही. "त्या दिवशी तुझी थाप मला कळली होती."

"माहीत आहे. तुझी मूठ सैल झालेली मला दिसली, पुन्हा आवळलेलीही. म्हणून तर उतरले."

"डुआन हसेल असं वाटलं. टायरही त्याच्यासाठीच घेतला होता. तुझ्यासाठी नव्हता."

तिने टेकूवरचा हात काढला. आता उतरेल, असं मला वाटलं. "दार उघड, कॅझ," ती म्हणाली. "टपालपेटीपर्यंत जाऊन येतो."

मित्रांनो, मी काही वाईट टायर नव्हतो. ज्या गाडीत माझ्यापुरती जागा होती, तिथे मी वीस हजार मैल इमानाने धावलो असतो. कुणालाही त्याच्या मापापेक्षा लहान जागेत कोंबू नका. आणि जागा मोजाल तेव्हा ज्यांना सोबत न्यायचंय, त्यांना आधी बसवा, मग मोजा. विचारायला लाजू नका. मी इथेच आहे, इथेच राहणार, माझं म्हणणं तेवढं न्या.

त्या दिवशी मी भिंतीवरून कान देऊन ऐकत होतो. घरापासून रस्त्याकडेच्या त्यांच्या टपालपेटीपर्यंत जेमतेम दोनशे पावलं. गाडी निघाली आणि थांबली. निघाली, थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. तिच्या थापा मला इथवर ऐकू येत नव्हत्या, पण तेवढ्या वाटेत तो सात वेळा थांबला.