सुट्ट्या पंधरा काड्या

हे लिहिणारच नव्हतो. कारण यात मी काही शहाणा ठरत नाही. पण मित्रानं पाटीवर लिहिलं, "लिही. फक्त स्वतःला झाकू नकोस." म्हणून लिहितोय.

मित्र दुसरीचा मास्तर. आवाज असा, की तो 'बसा' म्हणाला की शेजारच्या वर्गातली पोरंही बसायची. तीन महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. परत येणार नाही, डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मी त्याच शाळेत पंखे, दिवे, नळ बघतो. शिक्षण सातवी. बाकी सगळं उघडून बघून शिकलो.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्याला म्हणाल्या, "शुक्रवारी वर्गात येते. मुलांना मोठ्या बेरजा आल्या, तर वर्ग तुमचा. नाहीतर तुम्ही ग्रंथालय सांभाळा. मनाला लावून घेऊ नका."

"घाबरतोस काय? मी होतो तुझा भोंगा," मी म्हटलं. तो पाटीवर लिहायचा, मी मोठ्यानं वाचायचो.

पण त्याचं शिकवणं म्हणजे गोगलगाय. आइसक्रीमच्या काड्या. दहा झाल्या की रबरबँड लावून गठ्ठा. सोडा, परत बांधा. बुधवार संपला तरी तेच. माझा जीव वरखाली. गुरुवारी तो मोठ्या बाईंकडे गेला, तेवढ्यात मी खडू उचलला.

"काड्या ठेवा बाजूला. सोपं सांगतो. उजवीकडचे मिळवा, खाली लिहा. डावीकडचे मिळवा, खाली लिहा. झालं!"

तेवीस अधिक चौदा. सदतीस! सगळ्यांना पटकन आलं. माझी छाती ही एवढी फुगली. त्याला काही बोललो नाही.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, ४८ + ३७.

पहिल्या बाकावर वाटाणा बसते. गोल तोंडाची, म्हणून सगळे तसंच म्हणतात. ती झपझप लिहून उभी राहिली. "सातशे पंधरा!"

"किती?"

"आठ नि सात पंधरा. चार नि तीन सात. पंखेवाल्या काकांनी शिकवलं."

माझे कान तापले. मोठ्या बाईंनी वही मिटली. मित्रानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग वाटाणाच्या बाकाशी उकिडवा बसला आणि तिच्यापुढे काड्यांचा डबा ओतला.

तिनं चार गठ्ठे नि आठ सुट्ट्या मांडल्या. तीन गठ्ठे नि सात सुट्ट्या मांडल्या. सुट्ट्या एकत्र केल्या, मोजल्या. पंधरा. तिथं अडली.

मी तोंड उघडलं. त्यानं न बघता माझा हात धरला. घट्ट.

वाटाणा त्याच्या मनगटाकडे बघत राहिली. तिथं नेहमी दहा-बारा रबरबँड असतात. तिनं एक ओढून काढला, दहा काड्या बांधल्या, तो गठ्ठा बाकीच्या गठ्ठ्यांत सरकवला.

"आठ गठ्ठे. पाच उरल्या. पंच्याऐंशी!" मग मलाच म्हणाली, "काका, सातशे कुठून येणार? एवढ्या काड्या डब्यात तरी आहेत का?"

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी ६७ + २५ लिहिलं. कुणी कुणाला विचारलं नाही. नुसते रबरबँड टकटक वाजत होते. ब्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव.

"वर्ग तुमचाच," मोठ्या बाई दारातून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही जिन्यातला दिवा बघा. तीन दिवस बंद आहे."

शाळा सुटल्यावर तो काड्या डब्यात भरत होता.

"चुकलं रे. वाटलं, वेळ नाही तुझ्याकडे."

त्यानं लिहिलं, "मुलांकडे होता."

बाहेरून पोरं ओरडली, "येतो सर!" त्याचे ओठ हलले. मग आठवलं असावं, त्यानं हात वर केला. मनगटावर रबरबँडचे लाल वळ.

पाटी पुसून त्यानं परत लिहिलं, "सोमवारपासून भोंगा बंद?"

"बंद," मी म्हटलं. "काड्या कमी पडल्या तर आणून देईन. पण तुझ्या वर्गात एक शब्द बोलणार नाही. वचन."