बोटभर सैल

ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर बसणाऱ्या बाईंना 'तलाव' हा शब्द ऐकला तरी मिरच्या झोंबायच्या.

झोंबणारच हो. विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी नवं केंद्र बांधायला काढलं होतं. त्यात व्यायामशाळा काय, दोराला लटकून चढायची भिंत काय, लोळायला गुबगुबीत खुर्च्या काय, आणि कळस म्हणजे छपराखालचा, कोमट पाण्याचा, सहा लेनचा पोहण्याचा तलाव! फी वाढली ती वाढलीच. आणि इकडे वाचन कक्षाच्या अगदी मधोमध, वरच्या टाकीचा पाइप गळून तीन वर्षं टप टप चाललेलं. बाईंनी खाली एक निळी बादली ठेवली होती. मुलं बादलीला वळसा घालून टेबलं मांडायची आणि परीक्षेच्या दिवसांत पाळी लावून ती ओतून यायची. दुरुस्तीसाठी बाईंनी नऊ अर्ज केले होते. नऊही अर्ज कुठल्या तरी फायलीत सुखाने नांदत होते.

"तिकडे पाणी भरायला कोटी, आणि इकडे पाणी थांबवायला छदाम नाही!" हे त्या दिवसातून चारदा म्हणायच्या. पुस्तक परत करायला आलेल्या मुलालाही ऐकवायच्या, मग त्याने विचारलेलं असो वा नसो.

पण दैव कसं असतं बघा. त्याच तलावाला टाइल्स लावायचं काम ज्याला मिळालं तो बाईंचा नवरा. आणि त्याच तलावाकडे डोळे लावून बसलेली त्यांची एकुलती एक लेक. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत, लेकीला सगळे मासोळी. बाई म्हणजे आपल्याच घरात विरोधी पक्ष.

मासोळी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. सहा वर्षांची असल्यापासून ती गावातल्या जुन्या तलावात पोहायची. तो तलाव म्हणजे एका बाजूला पोट सुटलेलं डबकं. त्यात कितीही जोरात पोहा, वेळ धरली जायची नाही, कारण त्याची लांबी कुठल्याच नियमात बसत नव्हती. नियमातला जवळचा तलाव बसने आठ तासांवर. राष्ट्रीय स्पर्धेला निवड व्हायची तर शंभर मीटर अंतर एक मिनिट दोन सेकंदांत, त्याच्या आतच, पार करायला हवं होतं, आणि तेही मान्य तलावात. मागच्या वर्षी ती त्या तलावाला जाणार, तर नेमकी परीक्षा आडवी आली. यंदा वेळ नोंदवायची शेवटची तारीख आणि नव्या तलावाच्या उद्घाटनाची स्पर्धा एकाच दिवशी होती. त्या दिवशी जमलं तर जमलं. पुढच्या वर्षी ती वयोगटाबाहेर जाणार होती.

"म्हणजे त्या एका दिवसासाठी सगळ्यांनी जास्तीची फी भरायची?" बाई म्हणाल्या होत्या.

"आई, तू माझ्या बाजूची आहेस की नाही?"

"तुझ्या बाजूची आहे. तलावाच्या नाही."

उद्घाटनाला तीन आठवडे उरले असताना मिस्त्री एका संध्याकाळी घरी आले ते तोंड पाडूनच. चहाचा कप हातात तसाच धरून बसले.

"काय हो, काय झालं?"

"तलाव मोजला आज. पंचवीस मीटर. एका मिलिमीटरचा फरक नाही. इंजिनियर साहेब नुसते हवेत आहेत."

"मग बरंच आहे की!"

"कसलं बरं? प्लास्टर करून पंचवीस आहे. अजून टाइल्स लागायच्यात. दोन्हीकडच्या भिंतींना सिमेंटचा मसाला आणि टाइल धरली की दीड-दीड सेंटीमीटर आत येणार. तलाव तीन सेंटीमीटर तोकडा. मी साहेबांना सांगितलं, तर म्हणतात, मिस्त्री, पोरं डुंबायला येणार आहेत, टेप घेऊन नाही."

झालं! बाईंना आयतं कोलीतच मिळालं. "बघा! मी काय म्हणत होते? एवढा पैसा ओतला आणि केलं काय, तर तोकडं! अहो, शिंप्याने बाही तोकडी शिवली तर आपण..."

बोलता बोलता त्यांचं लक्ष मासोळीकडे गेलं. पोरगी दारात उभी होती. खांद्यावर ओला टॉवेल, आणि चेहऱ्यातला सगळा जीव गेलेला.

"तोकड्या तलावातली वेळ धरत नाहीत, आई," ती एवढंच म्हणाली.

तलाव गेला खड्ड्यात, पण पोर? बाई ताडकन उठल्या.

"उद्या सकाळी जायचं आणि एका भिंतीचं प्लास्टर खरवडून काढायचं!"

"साहेब हो म्हणायला हवेत ना."

"त्यांना एकच विचारा. उद्घाटनाला पंच येणार, ते कुलगुरूंसमोर टेप लावून मोजणार, तेव्हा टेप कोण धरणार? साहेब की मिस्त्री?"

मिस्त्रींच्या मिशीत पहिल्यांदा हसू आलं.

"आणि ऐका," बाई म्हणाल्या, "बरोब्बर पंचवीस करू नका. बोटभर सैल ठेवा. आमच्या कपाटांचं काय झालं ठाऊक आहे ना? सुताराने पुस्तकांच्या मापाला माप केलं, वर रंग चढला, आणि मोठे कोश एकही आत जाईना. अजून खिडकीत आडवे पडलेत. सैल असलं तर खपतं, कमी पडलं की संपलं."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी साहेबांना तोच प्रश्न विचारला. साहेब आधी हसले, मग घाम पुसत म्हणाले, "काढा प्लास्टर. पण तारीख हलणार नाही." मिस्त्री आणि त्यांचा जोडीदार छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीला भिडले. तीन दिवस ठाकठूक चालली. मग पातळ प्लास्टर, मग टाइल्स. मिस्त्री घरी यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन. बाई रागावत दार उघडायच्या आणि आधी विचारायच्या, "कुठवर आलं?"

उद्घाटनाचा दिवस उजाडला. "मी काही येणार नाही, मला माझी खिडकी आहे," असं बाईंनी आधीच जाहीर केलं होतं, आणि शब्दाला जागून त्या खिडकीवर बसल्याही. पण बसल्या म्हणजे काय! एकाच पुस्तकावर दोन शिक्के मारले, एका मुलाला त्याच्या पुस्तकाऐवजी स्वतःचा चष्मा दिला.

साडेबाराच्या सुमारास मिस्त्रींचा फोन आला. "मोजलं! पंचवीस मीटर एक सेंटीमीटर! पंच म्हणाले, तीन सेंटीमीटरपर्यंत जास्त चालतं, कमी चालत नाही. मान्य झाला तलाव!"

"आणि पोर?"

"सकाळची फेरी झाली. पहिली आली. पण एक मिनिट दोन सेकंद आणि वर दोन शतांश. दुपारी एकला अंतिम फेरी आहे, तेवढीच आता."

दोन शतांश! पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. बाईंनी फोन ठेवला. मग मागच्या बाकावर गणिताचा एक विद्यार्थी असायचा, त्याला हाक मारली.

"अरे, शंभर मीटर पोहायला एक मिनिट दोन सेकंद, तर चार सेंटीमीटरला किती?"

त्याने कागदावर खरडलं. "अडीच शतांश, बाई. का?"

तलावाच्या चार लांब्या, प्रत्येकीला एक सेंटीमीटर जादा. बोटभर सैल ठेवा, कोण म्हणालं होतं? मिस्त्रींनी बरोब्बर पंचवीस ठेवला असता तर पोरीचं सकाळीच जमलं असतं. आपल्याच जिभेने आपल्याच पोरीचे पाय ओढले.

मग बाईंनी जे केलं ते सतरा वर्षांच्या नोकरीत केलं नव्हतं. 'ग्रंथालय दोन तास बंद' असं पुठ्ठ्यावर लिहून दारावर अडकवलं. "चला रे, उठा सगळे!" वाचन कक्षातली तीसेक पोरं आधी बघतच राहिली, मग आरडाओरडा करत त्यांच्यामागे धावली.

नव्या केंद्राचं दार आपोआप उघडलं, तेव्हा बाईंनी सवयीने नाक मुरडायला घेतलं आणि ते तसंच राहिलं. समोर निळंशार पाणी होतं, आणि तळापर्यंत टाइल न् टाइल एका रेषेत. हे आपल्या माणसाच्या हातचं? त्यांना भरूनच आलं. पण त्याला वेळ नव्हता. मासोळी कडेला हात झटकत उभी होती.

"पोरी, माझं चुकलं!" बाई धापा टाकत म्हणाल्या. "तो जादाचा सेंटीमीटर माझा आहे. मीच बाबांना सैल ठेवायला सांगितलं. नाहीतर तुझं सकाळीच जमलं होतं."

मासोळी एवढ्या मोठ्याने हसली की पंचांनी मान वळवली.

"म्हणजे मी सकाळी एक मिनिट दोन सेकंदांच्या आतच पोहले की! आई, मला वाटलं माझ्यात तेवढा दम नाही!" तिने ओल्या हातांनी आईचे गाल धरले. "तू ओरडशील ना?"

"ओरडेन? छत खाली आणेन!"

शिट्टी झाली. सहा जणींनी सूर मारला. पहिल्या लांबीला मासोळी तिसरी होती. दुसऱ्या लांबीला दुसरी. वळताना तिने मिस्त्रींच्या भिंतीला असे पाय मारले की पाणी पंचांच्या बुटांवर. बाई ओरडत होत्या, "चल गं माझे बाई! चल!" ग्रंथालयाची पोरं ओरडत होती, आयुष्यभर 'शांतता राखा' ऐकलेली पोरं! मिस्त्री मात्र मुठी आवळून फक्त पुटपुटत होते. चौथी लांबी. तिच्या शेजारची मुलगी बरोबरीला आली, मासोळी पुढे गेली, ती पुन्हा आली, आणि मासोळीचा हात टाइलवर आपटला.

फलकावर आकडे आले. एक मिनिट, एक सेकंद, एकोणनव्वद शतांश.

आधी बाईंना आकडा वाचताच येईना. मग मिस्त्रींनी त्यांना चक्क उचललं, भर सभेत, कुलगुरूंच्या समोर! बाई लाजल्या नाहीत. शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसाचा हात धरून त्या सांगत होत्या, "चार सेंटीमीटर जादा पोहली हो माझी पोर! सगळ्या जगापेक्षा चार सेंटीमीटर जादा!"

दोन तासांचे तीन झाले. बाईंनी मिस्त्री आणि मासोळीसोबत येऊन ग्रंथालयाचं कुलूप उघडलं तर काय, वाचन कक्षात पाणीच पाणी. बादली ओतायला कुणीच नव्हतं, ती भरून वाहिली होती. एरवी बाईंनी इमारत डोक्यावर घेतली असती. आज त्यांनी पदर खोचला आणि गुणगुणत फरशी पुसायला घेतली. मासोळी ओल्या केसांनीच फडका पिळायला बसली. "आजचं माझं पाण्यातलं काम काही संपत नाही," ती म्हणाली, आणि मायलेकी खो खो हसल्या.

तेवढ्यात दारातून कुलगुरू आले, मागे इंजिनियर साहेब. विद्यापीठाची पहिली राष्ट्रीय खेळाडू कुठे आहे, तिचं अभिनंदन करायचं म्हणून दोघं शोधत आले होते. कुलगुरूंचा चकचकीत बूट थेट डबक्यात पडला.

"अहो, हे काय?" ते दचकून म्हणाले.

"तलाव, सर," बाई म्हणाल्या. "हा आमचा. याला तीन वर्षं झाली, उद्घाटन तेवढं राहिलंय."

कुलगुरूंनी वर पाहिलं. पाइपावरून एक थेंब सुटला आणि त्यांच्या चष्म्यावर पडला. बाईंनी निळी बादली उचलून त्यांच्या हातात दिली.

"एवढी जरा धरा, सर. मला फरशी पुसायचीय."

कुलगुरू बादली धरून उभे राहिले. मिस्त्रींनी खिशातून टेप काढला, टेबलावर चढले आणि पाइपाचं माप घेऊ लागले. इंजिनियर साहेबांनी न सांगता टेपचं दुसरं टोक धरलं.

"अहो," खालून बाई म्हणाल्या, "बोटभर सैल धरा हं."