मुलीकडची

सुनेने पुन्हा लग्न करायचं म्हटल्यावर सासूने जोरात होकार दिला, आणि मनातून पार हबकली.

मुलगा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे राहिल्या या दोघी आणि कपडे आल्टर करायचं दुकान. सासू उसवायची, सून शिवायची. पलीकडच्या दुकानातला चष्मेवाला इतक्यांदा पँट कमरेत घट्ट करून घ्यायला आला, की सासूच म्हणाली, "अगं, हा माणूस वाळत चाललाय की प्रेमात पडलाय?"

थट्टा खरी निघाली. पण आता सुनेला नवी सासू येणार. मग आपण तिच्या कोण? ते काही सापडेना.

रविवारी चष्मेवाला आईला घेऊन बोलणी करायला आला. कापायच्या टेबलाच्या एका अंगाला पाहुणे बसले, समोर सून एकटी. सासूने पाण्याचे पेले ठेवले आणि सरळ चष्मेवाल्याच्या आईशेजारी टेकली. जन्मभर मुलाकडची, पाय आपसूक तिकडे वळले. वर दाराकडे बघत म्हणते कशी, "मुलीकडचं कोणी आलं नाही अजून?"

सगळे तिच्याकडेच बघायला लागले.

"आई," सून म्हणाली, "मुलीकडच्या तुम्हीच. उठा तिथून."

सासू ओशाळून समोर गेली.

"आता मान जरा खाली हं, विहीणबाई," चष्मेवाल्याची आई म्हणाली.

"सवय नाही हो. मला एकच मुलगा होता."

 चष्मेवाल्याची नजर मशीनवर टांगलेल्या तिच्या मुलाच्या फोटोकडे गेली.

"यांना मी काय म्हणायचं?" त्याने हळूच विचारलं.

भावजी, साडू, मेहुणा, सगळ्यांच्या मनात सगळी नाती फिरून आली. बायकोच्या पहिल्या नवऱ्यासाठी कोणी शब्दच करून ठेवला नव्हता.

"तुमच्याहून मोठा होता तो," सासू म्हणाली. "दादा म्हणा."

"म्हणजे माझा मुलगा तुमचाही झाला की!" चष्मेवाल्याची आई उसळली. "परत मुलाकडच्या? चांगल्याच पोचलेल्या आहात!"

सासू खुदकन हसली. पण उठली नाही. सुनेला आणखी चिकटून बसली आणि म्हणाली, "मी इथेच बरी. हं, आता तारखेचं बोला."